मीम कळायचं कसं अन् करायचं कसं: वऱ्हाडातल्या नवख्यांसाठी

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येतो. रस्त्यानं चाललेला एक गोरा पोरगा मागं वळून दुसऱ्याच पोरीकडं पाहतोय आणि सोबतची मैत्रीण त्याच्याकडं डोळे वटारून पाहतेय. पोराच्या अंगावर लिहिलंय 'कास्तकार', मैत्रिणीवर 'कापूस' आणि पुढं गेलेल्या पोरीवर 'सोयाबीन'. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. तुम्हाला मात्र त्यात काय एवढं हसण्यासारखं आहे ते कळत नाही. चारचौघांत अडाणी दिसायला नको म्हणून तुम्हीही एक हसरा चेहरा टाकून मोकळे होता.

अशा न समजता हसणाऱ्यांसाठी हा लेख आहे. साठीतले काका, बचत गटाच्या कामासाठी नुकताच स्मार्टफोन घेतलेल्या ताई, किंवा ग्रुपचा अ‍ॅडमिन करून ठेवलेला एखादा बिचारा मास्तर, यांतलं कोणीही असा. पुणे-मुंबईच्या पोरांनी लिहिलेली माहिती वाचून आपल्याकडं काम भागत नाही, कारण आपल्या ग्रुपवरचे सगळे एकमेकांना ओळखतात. त्यामुळं काय बदलतं ते पाचव्या पायरीत येईलच.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या सुरू होतात. शेवट ठरलेला असतो: 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव'. मधल्या ओळी मात्र म्हणणाऱ्याच्या. त्यात कापसाचा भाव येतो, सोसायटीचं कर्ज येतं, निवडणुकीत पडलेला पुढारी येतो. साचा सगळ्यांना पाठ असतो, म्हणून नवी ओळ कानावर पडताच हशा पिकतो. साचाच माहीत नसलेला पाहुणा त्या घोळक्यात नुसता उभा राहतो.

मीमही असंच चालतं. चित्र किंवा आवाज ठरलेला, त्यावरची ओळ नवी. हसू चित्राचं नसतं आणि ओळीचंही नसतं; जुन्या साच्यात नवी ओळ कशी बसली, त्याचं असतं. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली 'मीम' हा शब्द वापरला तेव्हा त्याचा मोबाइलशी काही संबंध नव्हता. माणूस माणसाची नक्कल करतो आणि त्यातून चाली, म्हणी, रीतीभाती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात पसरतात, हे त्यांना सांगायचं होतं. इंटरनेटवाल्यांनी तो शब्द पुढं उचलला.

पायरी १: चार-पाच साचे ओळखायला शिका

शेकडो साचे आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. खालचे एवढे ओळखता आले तरी ग्रुपवरचं बरंचसं उमगायला लागतं.

वर सांगितलेला मागं वळून पाहणारा पोरगा हा सगळ्यात कामाचा. स्पेनमधले फोटोग्राफर आंतोनियो गियेम यांनी २०१५ साली जाहिरातींना विकण्यासाठी काढलेला हा फोटो आहे. २०१७ साली तो जगभर पसरला. वाचायची रीत अशी: पोरगा म्हणजे ज्याचं मन चळलं तो, मैत्रीण म्हणजे हातातलं सोडून दिलेलं आणि पुढं गेलेली पोरगी म्हणजे नवा मोह. आता कास्तकार, कापूस, सोयाबीन पुन्हा वाचा. ज्या वऱ्हाडात कापसाचं वावर हळूहळू सोयाबीननं व्यापलं, तिथल्या माणसाला त्यात हसूही येईल आणि थोडं चर्रही होईल.

दुसरा, ड्रेक. हा कॅनडाचा गायक. त्याच्या २०१५ च्या एका व्हिडिओतली दोन चित्रं एकावर एक ठेवलेली असतात. वरच्या चित्रात तो हात आडवा करून तोंड फिरवतो, खालच्या चित्रात बोट दाखवून खूश होतो. वर नको ते, खाली पाहिजे ते. मे महिन्यातलं आपलं उदाहरण घ्या: वर 'नवा एसी', खाली 'जुन्याच कूलरले नवी खस'.

तिसरा, कमरेवर हात ठेवून उभा असलेला, तोंड उतरलेला क्रिकेटचा प्रेक्षक. १२ जून २०१९ ला इंग्लंडमधल्या टाँटनच्या मैदानावर विश्वचषकातला पाकिस्तान-ऑस्ट्रेलिया सामना चालू होता. झेल सुटला आणि मोहम्मद सारिम अख्तर या पाकिस्तानी प्रेक्षकाचा चेहरा कॅमेऱ्यानं पकडला. अपेक्षाभंगाचा याहून चांगला चेहरा अजून कोणाला सापडलेला नाही, असं माझं मत. लाइनमन म्हणतो 'पाच मिनिटांत येते लाइन', आणि रात्रीचे बारा वाजतात. तिथं हाच फोटो लागतो.

चौथा, तोंडावर हसू आणि डोळ्यांत दुःख घेऊन बसलेला पांढऱ्या केसांचा म्हातारा. इंटरनेटवर त्याला हॅरॉल्ड म्हणतात. खरं नाव आंद्राश आराटो, हंगेरीतले विद्युत अभियंता. वावरात ई-पीक पाहणी करायला उभं राहावं आणि मोबाइलला एक काडीही नेटवर्क नसावं, तेव्हा आपण जसं हसतो तसं ते हसतात.

जपानी कुत्रीचा तिरक्या नजरेचा फोटोही कधी दिसेल. तिचं नाव काबोसू. फोटो २०१० चा. त्या चेहऱ्यावरून २०१३ साली डोजकॉइन नावाचं एक डिजिटल चलनच थट्टेत काढलं गेलं आणि लोकांनी त्यात खरोखरचा पैसा ओतला. काबोसू २०२४ च्या मे महिन्यात गेली. आपल्या ग्रुपवर ही कुत्री फारशी चालत नाही, त्यामुळं ओळख झाली तेवढी पुरे.

पायरी २: मूळ शोधा, निदान साल तरी

गूगल लेन्समध्ये फोटो टाकला की तो आधी कुठं कुठं आला होता ते दिसतं. इंग्रजी वाचता येत असेल तर 'नो युअर मीम' नावाची वेबसाइट २००८ पासून हेच काम करते. मराठी मीमची अशी नोंद ठेवणारं ठिकाण माझ्या तरी पाहण्यात नाही, त्यामुळं आपल्याकडं हे काम कॉलेजातली पुतणी करते. तिला विचारायला लाजू नका.

मूळ का शोधायचं? एकाच ओळीचा अर्थ काळाप्रमाणं उलटतो म्हणून. 'मी पुन्हा येईन' घ्या. २०१९ च्या निवडणुकीआधी देवेंद्र फडणवीस विधानसभेतल्या भाषणात हे म्हणाले. त्या नोव्हेंबरात त्यांचं सरकार चार दिवसही टिकलं नाही, आणि ही ओळ त्यांच्यावरच्या थट्टेची झाली. नापास झालेला पोरगा, उधारी मागायला आलेला माणूस, थांबून पुन्हा लागलेली झड, सगळ्यांवर ती चिकटली. २०२२ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले आणि ५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा मुख्यमंत्री. तीच ओळ आता त्यांचे समर्थक छाती फुगवून लिहू लागले. म्हणजे या ओळीचं मीम समोर आलं तर पाठवणारा कोण आणि ते बनलं कोणत्या साली, हे कळल्याशिवाय ते टोमणा आहे की जयजयकार ते सांगता येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत तर नाहीच नाही.

उलट 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' या ओळीला पक्ष उरलाच नाही. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर बोलले, त्याचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं, आणि बोलण्याच्या त्या लकबीनं सगळ्या महाराष्ट्राला याड लावलं. राजकारण बाजूला पडलं आणि ठेका राहिला. चिखलदऱ्याला सहलीला गेलेलं कोणीही आज ती ओळ टाकतं, भांडण होत नाही.

मराठीत काही साचे म्हातारेच होत नाहीत. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'तलं 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे वाक्य चित्रपटानंतर जन्मलेली पोरंही वापरतात. वसुलीला आलेला माणूस दारात उभा असला की हेच वाक्य लागतं. असे जुने साचे नवख्यासाठी सगळ्यात सोयीचे, कारण त्यांचा संदर्भ तुम्हाला पोरांपेक्षा जास्त ठाऊक असतो.

पायरी ३: कुठं काय चालतं ते पाहा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि स्टिकर चालतात, इन्स्टाग्रामवर आवाज. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा खेड्यातली कितीतरी पोरं तिकडून उठून इन्स्टाग्रामच्या रील्सवर आली. तिथं एकच आवाज हजारो जण वापरतात, म्हणजे साचा डोळ्यांचा नसून कानांचा असतो. त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगरमध्ये वाढलेल्या यशराज मुखाटे यांनी एका हिंदी मालिकेतल्या सासूच्या संवादाला संगीत लावलं आणि 'रसोड़े में कौन था' हे घराघरांत वाजलं. आपल्या नागपूरच्या डॉली चायवाल्याचंही तसंच. दूध उंचावरून ओतायची त्याची ढब आधी रील्समधून पसरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स यांनी त्याच्या हातचा चहा घेतानाचा व्हिडिओ टाकला आणि ती ढबच साचा झाली. आता लग्नात मठ्ठा वाढणाराही तसंच करतो, अर्धा मठ्ठा खाली सांडतो.

पाठवण्याआधी ग्रुपही पाहा. मित्रांचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप आणि शाळेच्या पालकांचा ग्रुप यांत फरक आहे. वर कोणाच्या तरी निधनाची बातमी असेल, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागलेली असेल, आणि मधेच तुमचा नाचणारा म्हातारा टपकला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. ग्रुप उघडला की आधी वर सरकवून शेवटचे दहा संदेश वाचायचे आणि मगच हात चालवायचा.

पायरी ४: आता स्वतः करून पाहा

विषय आपल्या आजूबाजूचाच घ्या. ट्रम्प आणि मस्कवर मीम करणारे जगात भरपूर आहेत; रोहित्र जळल्यावर सगळं गाव रात्री अंगणात खाटा टाकतं, त्यावर करणारं दुसरं कोणी नाही. वावरातली डुकरं, पीक विम्याचा कधी न येणारा मेसेज, मोर्शीच्या संत्र्याला आलेली गळ, तुरीवरची अळी, लग्नातल्या पंगतीत शेवटी संपलेले वडे. यादी तुमची तुम्हीच करा, रात्री झोपण्याआधी दहा विषय सापडतील.

मग साचा निवडा. विषय आणि साचा यांची गाठ पडणं हीच खरी कसोटी. अपेक्षाभंग असेल तर कमरेवर हात ठेवलेला प्रेक्षक, दोनांतलं एक निवडायचं असेल तर ड्रेक, दुःख लपवायचं असेल तर हॅरॉल्ड. उलटं करू नका, म्हणजे फोटो आवडला म्हणून त्याला विषय चिकटवू नका. असली मीम लगेच ओळखू येतात.

ओळ लिहिताना सगळे नवखे एकाच जागी अडकतात, ती लांब होते. समजा तुम्ही लिहिलं: 'जेव्हा शेतकरी आपले सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातो आणि व्यापारी ओलावा जास्त असल्याचे कारण सांगून भाव पाडतो'. हे निवेदन झालं, तहसीलदाराला देण्याजोगं. त्यातलं जे चित्र सांगतंय ते काढून टाका. ड्रेक घ्या आणि त्याच्या कपाळावर 'व्यापारी' लिहा. वर, तोंड फिरवलेल्या चित्रापाशी: 'हमीभाव ५,३२८'. खाली, खूश चित्रापाशी: 'ओलावा जास्त हाय भाऊ'. संपलं. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा जाहीर हमीभाव ज्याला ठाऊक आहे तो हसेल. ज्याला नाही तो विचारेल, तेही चांगलंच.

भाषा घरची ठेवा. 'तू काय करत आहेस?' यापेक्षा 'काय करून रायला बे?' हे आपल्याकडं पटकन लागतं. बोलतो तसंच लिहायचं. 'मले', 'तुले', 'काहून' यांना शुद्धलेखनाच्या वहीत बसवायला गेलात की मजा गेली. मात्र पूर्वेकडं भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या लोकांना वऱ्हाडी ओळ जशीच्या तशी देऊ नका, तिकडं झाडीबोलीचा बाज वेगळा आहे. मेहकरचा विनोद आमगावला पोचेपर्यंत अर्धा सांडतो.

टाइप करायला गूगलचा कीबोर्ड, म्हणजे जीबोर्ड, पुरतो. त्यात मराठी भाषा चालू करा. बोटं जाड असतील तर माइकचं चिन्ह दाबून बोला. तो वऱ्हाडी ऐकून पुस्तकी मराठी लिहील, तेवढं हातानं सुधारा. फोटोवर अक्षरं टाकायला कॅनव्हा किंवा पिक्सआर्ट वापरा, किंवा फोनच्या गॅलरीत 'एडिट' आणि मग 'टेक्स्ट' दाबा. पहिल्या दहा मीमसाठी गॅलरीच बास आहे. अक्षर ठळक, पांढरं आणि काळ्या कडेचं असावं, म्हणजे फोटो उजळ असो की गडद, वाचता येतं. इंग्रजी मीमवर जे जाड अक्षर दिसतं त्याचं नाव इम्पॅक्ट, ते १९६५ सालचं आहे. पण त्यात देवनागरी नाही. मराठीसाठी मुक्ता किंवा बलू हे मोफत फॉन्ट घ्या, जाड निवडा. काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'ट्रॅक्टर'चा ट मोडून पडतो. तसं झालं तर ओळ आधी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून तिथून कॉपी करून पाहा. नाहीच जमलं तर फॉन्ट बदला.

तयार मीम फोन हातभर लांब धरून वाचा. चष्म्याशिवाय वाचता आलं तर पाठवण्यालायक झालं. स्क्रीनशॉट काढला असेल तर वरची पट्टी कापा. तुमच्या बॅटरीचे ९ टक्के आणि तीन मिस्ड कॉल जगाला दाखवायची गरज नाही. पाठवताना वर 'एचडी' दिसतं ते दाबा, नाहीतर दहा ग्रुप फिरून आलेलं मीम धुक्यातून पाहिल्यागत दिसतं. आणि कोणी हसलं नाही तर खाली 'म्हणजे मला असं म्हणायचं होतं' असं लिहीत बसू नका.

पायरी ५: चेहरा कोणाचा आहे ते पाहा

आपल्याकडचा फरक इथं आहे. तुम्ही केलेलं मीम ड्रेकला कधी दिसणार नाही. आंद्राश आराटोंनाही नाही. त्यांना आधी आपला चेहरा असा फिरतो याचा त्रास झाला, मग त्यांनी तो स्वीकारला आणि आज ते जाहिरातींतही दिसतात. पण ग्रामसभेत झोपलेल्या काकांचा फोटो काढून त्याचं स्टिकर केलंत, तर काकांची सून त्याच ग्रुपवर आहे, त्यांचा नातू तुमच्या पोराच्या वर्गात आहे, आणि उद्या सकाळी तुम्हाला त्यांच्याच दारावरून जायचं आहे.

जग याआधीच पोळलेलं आहे. २००३ साली कॅनडातल्या एका शाळकरी मुलाचा काठी फिरवतानाचा व्हिडिओ वर्गातल्या मुलांनी त्याला न विचारता इंटरनेटवर टाकला. लाखोंनी पाहिला, हसले. मुलाला शाळा सोडावी लागली आणि प्रकरण कोर्टात गेलं. उलटही घडतं: वाळूची मूठ आवळलेल्या अमेरिकन बाळाच्या २००७ च्या फोटोचं मीम एवढं लाडकं झालं की २०१५ मध्ये त्याच्या वडिलांच्या किडनी प्रत्यारोपणासाठी लोकांनी पैसे जमवून दिले. दुसऱ्या गोष्टीच्या भरवशावर पहिलीचा धोका पत्करू नये, असं मला वाटतं. गावातल्या माणसाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय घ्यायचाच नाही. लहान पोरांचा आणि बायांचा तर विचारूनही दहादा विचार करायचा. स्वतःचा चेहरा मात्र खुशाल वापरा, त्याच्यावर तुमचा पूर्ण हक्क आहे, आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळतो.

कायद्याचंही थोडं सांगतो. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा सांगणारं आयटी कायद्यातलं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली रद्द केलं, म्हणून 'आता काहीही टाका' असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. अश्लील मजकुरासाठी त्याच कायद्याचं कलम ६७ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजांत तेढ वाढवण्यासाठी कलम १९६, धार्मिक भावना दुखावण्यासाठी २९९ आणि बदनामीसाठी ३५६ आहे. जातीवरून हिणवणारं मीम अ‍ॅट्रॉसिटी कायद्यापर्यंत जाऊ शकतं. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हे पोलीस ठाण्यात फारसं चालत नाही.

अ‍ॅडमिन झालेल्या मास्तरांना थोडा दिलासा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर सदस्यानं एका महिलेबद्दल अश्लील लिहिलं आणि अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली तो रद्द केला: आधीपासून संगनमत असल्याशिवाय सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. म्हणून घाण पडू द्यायची असं नाही. अ‍ॅडमिनला आता कोणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो, तेवढा अधिकार वापरावा.

पायरी ६: मीमच्या वेशात आलेलं दुसरं काही ओळखा

वृत्तवाहिनीच्या लाल पट्टीत लिहिलेली बातमी, शासन निर्णयासारखा दिसणारा कागद, पुढाऱ्याच्या फोटोशेजारी अवतरणचिन्हांत टाकलेलं वाक्य. हे थट्टेत बनलेलं असतं, पण चार ग्रुप ओलांडले की थट्टा गळून पडते आणि 'खबर' उरते. कर्जमाफीच्या अशा खोट्या कागदांवर विश्वास ठेवून बँकेत जाणारी माणसं असतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं पाच भटक्या माणसांना ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता, शेवट कापलेला. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. संदेशावर दोन बाणांची खूण दिसली तर तो बऱ्याच हातांतून आलाय असं समजा. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढं जातो.

आणि मीम हे कधीच 'एपीके' फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, नसतं. 'गंमत पाहा', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान यादी' अशा नावानं एपीके आली तर उघडू नका. तिनं फोनचा ताबा जातो आणि मग खात्यातले पैसे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. फोटोत छेडछाड करून कोणी बदनामी करत असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार होते. पुसण्याआधी स्क्रीनशॉट, नंबर आणि वेळ जपून ठेवा.

चुकीच्या ग्रुपवर काही गेलंच तर संदेश दाबून धरा आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन' निवडा. पाठवल्यापासून साधारण अडीच दिवस ही सोय चालते. त्याच्याच बाजूला 'डिलीट फॉर मी' असतं. घाईत ते दाबलं गेलं तर मीम फक्त तुमच्या फोनवरून जातं आणि बाकी सगळ्या गावाकडं राहतं. तसं झाल्यास खाली काही सेकंद 'अनडू' दिसतं, ते आधी दाबा आणि मग पुन्हा नीट पुसा.